लोक भरभरून बघत असतात, तरी अमानवी मालिका अर्ध्यावरच का बंद पडते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठ भागांची एक अमानवी मालिका आली. पहिले दोन आठवडे ती लोकप्रिय दहाच्या यादीत वर होती, समीक्षकांनी चांगलं लिहिलं, चाहत्यांनी चित्रं काढली, आणि तीन महिन्यांच्या आत ती रद्द झाल्याची बातमी आली. कथा ऐन वळणावर तुटली. एवढे लोक बघत होते, तर त्याला काहीच किंमत नव्हती का? आणि भुतं, चेटकिणी, व्हॅम्पायर यांच्या मालिकांच्या नशिबी हे जास्त का येतं?

यात दोन प्रश्न गुंतलेत. पहिल्याचं उत्तर सोपं आहे, पण पचायला जड जातं. मालिका रद्द होते तेव्हा कोणी मागच्या सीझनला गुण देत नसतं. पुढचा सीझन विकत घ्यायचा की नाही, एवढंच ठरत असतं. निर्णय घेणाऱ्यांपुढे दोनच आकडे असतात: पुढच्या सीझनला किती खर्च येईल, आणि तो करून पैसे देणाऱ्याच्या हाती काय पडेल. तुम्ही बघितलं ते प्रेम मागच्या सीझनवरचं होतं. पुढच्या हिशोबात त्यातलं जेवढं पैशात धरता येतं तेवढंच उतरतं. दुसरा प्रश्न, म्हणजे अमानवी मालिकाच का, हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण या प्रकारात ते दोन्ही आकडे एकाच वेळी चुकीच्या दिशेने सरकतात.

आधीच सांगतो, मालिका कुठे दाखवली जात होती (जाहिरातींवर चालणारी वाहिनी, वर्गणीची केबल की स्ट्रीमिंग), ती कोणाच्या मालकीची होती आणि ती कोणत्या वर्षी संपली, यावर उत्तर बरंच बदलतं. मी अमेरिकन वाहिन्या आणि सेवांवरच्या मालिकांबद्दलच लिहितो, कारण तुम्ही विचारलेलं सगळं तिथलं आहे. शिवाय लहान आयुष्य म्हणजे दर वेळी गळा घोटलाच असं नाही. 'पेनी ड्रेडफुल' २०१६ मध्ये २७ भागांवर थांबली ती तिच्या निर्मात्याने कथा तिथेच संपवायचं ठरवलं म्हणून. अशा मालिका बाजूला ठेवू.

खर्चापासून सुरुवात करू, कारण बाहेरून बघणाऱ्याला सगळ्यात कमी दिसतो तो हाच भाग.

कुठल्याही मालिकेच्या पहिल्या सीझनमध्ये एकदाच करायचा खर्च मोठा असतो: कायमचे सेट, वेशभूषा, नेपथ्याचं सामान. वकिलांची किंवा डॉक्टरांची मालिका असेल तर दुसऱ्या सीझनला तीच कोर्टाची खोली, तोच वॉर्ड परत वापरता येतो आणि भागामागचा खर्च आटोक्यात राहतो. अमानवी मालिकेला ही सवलत जवळजवळ मिळत नाही. पहिल्या सीझनचा खलनायक संपलेला असतो. दुसऱ्याला नवा हवा, आणि तो आधीच्यापेक्षा जबरदस्त हवा. म्हणजे नवा प्राणी, त्याचे नवे साचे, नवं डिजिटल मॉडेल, बहुतेकदा एक नवं जगही. त्यातून सीझन बावीस भागांचा असेल तर हा एकरकमी खर्च बावीस ठिकाणी वाटला जातो, आठ भागांचा असेल तर आठच ठिकाणी. सीझन लहान केला की पैसा वाचतो असं बाहेर वाटतं. एकूण रक्कम कमी होते हे खरं, पण भागामागचा आकडा चढतो.

मग येतो प्रोस्थेटिक मेकअप, म्हणजे चेहऱ्यावर किंवा अंगावर साच्यातून काढलेले तुकडे चिकटवून केलेला मेकअप. पूर्ण चेहऱ्याचं काम तीन तास सहज घेतं, आणि ते कातडीला इजा न करता काढायला आणखी तासभर. दहा तासांचं चित्रीकरण धरलं तर त्या नटाचा दिवस चौदा तासांचा झाला. दोन दिवसांच्या मध्ये कलाकाराला साधारणपणे बारा तासांची विश्रांती देणं युनियनच्या नियमाने बंधनकारक आहे. चौदा अधिक बारा म्हणजे सव्वीस, त्यामुळे दुसऱ्या दिवशीची हजेरी रोज दोन तास पुढे ढकलली जाते. सोमवारी पहाटे चारला खुर्चीत बसलेला नट मंगळवारी सहाला, बुधवारी आठला, गुरुवारी दहाला आणि शुक्रवारी दुपारी बाराला येतो, आणि शनिवारी पहाटे दोनला सुटतो. सेटवर अशा लांबलेल्या शुक्रवारला 'फ्रॅटरडे' म्हणतात. विश्रांती कापली तर दंड भरावा लागतो, नाही कापली तर अख्ख्या युनिटचं वेळापत्रक त्या एका चेहऱ्याभोवती फिरतं. वाहिनीवरच्या तासाभराच्या मालिकेचा एक भाग साधारण आठ दिवसांत उरकायचा असतो. त्यात मुखवट्याची तीन पात्रं आली की आठाचे नऊ दिवस होतात, आणि तो नववा दिवस संपूर्ण युनिटच्या पगाराचा असतो.

शिवाय या कथा रात्री घडतात. व्हँकुव्हरसारख्या उत्तरेकडच्या शहरात उन्हाळ्याच्या रात्री लहान असतात, आणि चित्रीकरणाचा हंगाम नेमका तेव्हाच सुरू होतो. खरी रात्र हवी असेल तर हाती सात तास येतात. नाहीतर बाहेरचं दृश्य आत सेटवर घ्यायचं किंवा मोठमोठ्या काळ्या पडद्यांखाली, म्हणजे पुन्हा वेगळा खर्च. मुख्य पात्रं शाळकरी वयाची आणि नटही त्याच वयाचे असतील तर कामाच्या तासांवर आणखी बंधनं येतात. कॅलिफोर्नियात ९ ते १५ वर्षांच्या मुलाला शाळेच्या दिवशी पाच तासच काम करता येतं.

व्हीएफएक्सबद्दल, म्हणजे संगणकावर केलेल्या दृश्यपरिणामांबद्दल, एक समज फार पसरलेला आहे: एकदा राक्षस बनवला की पुढे तो फुकट. तसं होत नाही. मॉडेल एकदा बनतं, पण प्रत्येक शॉटमध्ये त्याला हलवणं, त्या जागेच्या उजेडाशी जुळवणं आणि खऱ्या चित्रात बेमालूम बसवणं हे दर वेळी नव्याने करावं लागतं. बिल शॉटनुसार चढतं. दुरून धुक्यात दिसणारी आकृती स्वस्त. तीच आकृती नटाचा हात धरते, पाण्यात पडते, तिचे केस ओले होतात, कापड तिच्या अंगावर सळसळतं, तेव्हा तिचा एक शॉट दहा साध्या शॉट्सचा पैसा खाऊ शकतो. पहिल्या सीझनमध्ये चांगले लेखक राक्षस लपवून ठेवतात. अंधारात कडा दिसत नाहीत, आणि भीतीही वाढते. पण शेवटच्या भागात तो दाखवावाच लागतो. एकदा दाखवल्यावर दुसऱ्या सीझनमध्ये पुन्हा लपवला तर प्रेक्षक नाराज होतो. म्हणजे कथेची स्वाभाविक वाढच खर्चाची वाढ ठरते.

कलाकारांचं मानधन सगळ्याच मालिकांत दर सीझनला ठरलेल्या टक्क्यांनी वाढतं आणि मालिका चालली की करार नव्याने बोलले जातात. इथे फरक एवढाच की पात्रांचा गोतावळा मोठा असतो आणि दुसऱ्या सीझनला तो आणखी वाढतो, कारण मेलेलंही कोणी खरं मेलेलं नसतं.

हे सगळं टाळता येतं का? येतं, आणि त्याचा पुरावा 'सुपरनॅचरल' आहे: २००५ ते २०२०, १५ सीझन, ३२७ भाग. तिच्या रचनेकडे हिशोबाच्या नजरेने बघा. दोन भाऊ, एक गाडी. मोटेलच्या खोलीचा सेट साधारण तोच, दर वेळी वॉलपेपर आणि पलंगपोस बदलून नवा. सैतान साध्या माणसाच्या अंगात शिरतो, म्हणजे मुखवटा नको, फक्त डोळे काळे करायचे. दर आठवड्याला वेगळं भूत, त्यामुळे महागडा राक्षस एका भागापुरता. वर कॅनडात चित्रीकरण, जिथे करसवलत आणि चलनाचा दर दोन्ही मदतीला. कोणी याला काटकसर म्हणेल, मला ही उत्तम लेखनाची खूण वाटते. पंधरा वर्षं टिकेल अशी भीती त्यांनी परवडणाऱ्या साधनांतून उभी केली.

आता दुसरा आकडा, म्हणजे मिळकत. इथे अमानवी मालिकेची अडचण अशी की तिचं दार आतून बंद होतं. शाप, भविष्यवाणी, जुनी घराणी, सात चाव्या आणि त्यातली चौथी हरवलेली, असं जग जितकं खोल होत जातं तितकं मधूनच येणाऱ्याला काही कळत नाही. म्हणून दुसऱ्या सीझनचा प्रेक्षक बहुतेकदा पहिल्याच्या प्रेक्षकातूनच येतो, आणि त्यातले काही गळतात. नवे फारसे येत नाहीत. खर्च वर, प्रेक्षक खाली, आणि या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे मालिका संपते. दर भागात एक पूर्ण गोष्ट सांगणाऱ्या मालिकेला हा त्रास कमी, कारण सातव्या भागापासून बघितलं तरी चालतं.

पण फक्त किती लोक बघतात एवढंच मोजलं जात नाही, कोण बघतं हेही मोजलं जातं. अमेरिकेत जाहिरातींच्या वाहिन्या बराच काळ १८ ते ४९ वयोगटावर विकल्या गेल्या. सीबीएसवर 'जोन ऑफ आर्केडिया' ही देवाशी बोलणाऱ्या मुलीची मालिका २००५ मध्ये दोन सीझन आणि ४५ भागांवर बंद झाली. तिचा प्रेक्षक जाहिरातदारांना हवा होता त्यापेक्षा वयस्क होता. शुक्रवारच्या त्याच जागी भुतांशी बोलणाऱ्या बाईची 'घोस्ट व्हिस्परर' आली आणि ती १०७ भाग चालली. लोकांना अमानवी गोष्टी नको होत्या असं अजिबात नव्हतं. २००७ पासून जाहिरातींचे सौदे साधारणपणे 'सी-३' या मापावर होऊ लागले, म्हणजे प्रक्षेपणाच्या दिवशी आणि नंतरच्या तीन दिवसांत ज्यांनी जाहिरातींसकट बघितलं तेवढेच धरायचे. आठवड्यानंतर सगळे भाग एका दमात बघणारा निष्ठावान चाहता या मापात शून्य होता.

यानंतर मालकी. मला विचाराल तर मालिका का गेली हे शोधताना सगळ्यात आधी हेच तपासावं. वाहिनी आणि मालिका बनवणारा स्टुडिओ या अनेकदा वेगळ्या कंपन्या असतात. वाहिनी स्टुडिओला दाखवण्याचे पैसे देते आणि ते खर्चापेक्षा कमी असतात. नुसतं उदाहरण म्हणून घ्या: एका भागाचा खर्च ४० लाख डॉलर, वाहिनी देते २५ लाख. भागामागे १५ लाखांची तूट स्टुडिओच्या डोक्यावर. बावीस भागांत ती ३ कोटी ३० लाख होते, दोन सीझनमध्ये ६ कोटी ६० लाख. स्टुडिओ ती सोसतो, कारण परदेशी विक्री असते, आणि साधारण ८८ ते १०० भाग झाले की मालिका स्थानिक टीव्ही केंद्रांना आणि केबलला रोज पुन्हा दाखवण्यासाठी विकता येते. म्हणून तिसऱ्या सीझनच्या शेवटी उभी असलेली मालिका, आकडे पडलेले असले तरी, चौथ्यात ढकलली जाण्याची शक्यता असते. पहिल्या किंवा दुसऱ्या सीझनच्या शेवटी असलेलीला तो आधार नसतो. तिथून नफ्याचा काठ फार लांब असतो.

यात वाहिनी आणि स्टुडिओ एकाच घरचे असतील तर तूट सोसायला कारण असतं. परके असतील तर वाहिनी विचारते की दुसऱ्याच्या तिजोरीसाठी मी माझा वेळ का देऊ? 'मीडियम' हे याचं अगदी स्वच्छ उदाहरण. एनबीसीने ती २००९ मध्ये सोडली आणि सीबीएसने लगेच उचलली, कारण ती सीबीएसच्याच स्टुडिओची होती. ती शुक्रवारी 'घोस्ट व्हिस्परर'च्या मागे लावली आणि एकूण १३० भागांपर्यंत गेली. उलट बाजूला 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर'. तिचा स्टुडिओ फॉक्सचा आणि वाहिनी डब्ल्यूबी. २००१ मध्ये रकमेवरून फाटलं आणि यूपीएन या दुसऱ्या वाहिनीने भागाला सुमारे २३ लाख डॉलर मोजून ती नेली. तिच्यातून निघालेली 'एंजल' डब्ल्यूबीवरच राहिली आणि फेब्रुवारी २००४ मध्ये, पाचवा सीझन चालू असताना, ती संपणार असं जाहीर झालं. त्या वर्षी तिची स्थिती सुधारत होती आणि ११० भाग होत आले होते. चाहत्यांना ते आजही कळत नाही. पण परक्या स्टुडिओची, दरवर्षी महाग होत जाणारी मालिका आणि स्वतःला नवं काही उभं करायची इच्छा, अशा जागी बसलेल्या वाहिनीचा तो निर्णय तिच्या वहीत बसत होता. मला तो चूक वाटतो, तरी तो कुठून आला हे दिसतं.

'द सीडब्ल्यू'वर एका दमात इतक्या मालिका का गेल्या, हेही लोक नेहमी विचारतात. त्याचं उत्तर याच मालकीत आहे. ही वाहिनी सीबीएस आणि वॉर्नर यांची भागीदारी होती. वाहिनी म्हणून ती तोट्यात होती, पण तिच्या मालिका याच दोन घरांचे स्टुडिओ बनवत आणि नेटफ्लिक्सला व परदेशात विकून कमावत. म्हणून अगदी कमी प्रेक्षकांच्या मालिकाही वर्षानुवर्षं जगल्या. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सशी नव्या मालिकांचा करार थांबला, २०२२ मध्ये ७५ टक्के मालकी नेक्सस्टारकडे गेली. नेक्सस्टारकडे स्थानिक केंद्रं होती, मालिकांचा स्टुडिओ नव्हता. मग वाहिनीला स्वतःच्या जाहिरातींवर जगणं भाग पडलं. 'सुपरनॅचरल'च्या आईवडिलांची गोष्ट सांगणारी 'द विंचेस्टर्स' १३ भागांवर २०२३ मध्ये गेली, ती या लाटेत.

इथवरचं सगळं जाहिरातीच्या वाहिनीचं. तुमची मालिका बहुधा स्ट्रीमिंगची असणार, आणि तिथे नियम वेगळे आहेत. स्ट्रीमिंग सेवा साधारणपणे सगळा खर्च आणि वर ठरलेला नफा देऊन मालिका घेते. स्टुडिओला तूट नाही, पण पुढे विकून कमवायला काही उरतही नाही, त्यामुळे मालिका लांबवण्यासाठी वाहिनीशी भांडणारा कोणी राहत नाही. करारात पुढच्या सीझनला वाढीव रकमा असतात, म्हणजे तिसरा सीझन पहिल्यापेक्षा आपोआप महाग. आणि सेवेला मिळतं काय? वर्गणीदार आला किंवा टिकला, एवढंच. तेच पैसे नव्या मालिकेवर लावले तर नवे लोक येण्याची शक्यता जास्त वाटते, कारण नव्या मालिकेचं दार सगळ्यांना उघडं असतं.

आता त्या लोकप्रिय दहाच्या यादीकडे या. २०२३ पासून नेटफ्लिक्स 'व्ह्यूज' देते ते असे: एकूण पाहिलेले तास भागिले मालिकेची लांबी. समजा आठ भाग मिळून सहा तास, आणि एकूण सहा कोटी तास बघितले गेले. यादीत आकडा येतो एक कोटी. पण हा एक कोटी दोन अगदी वेगळ्या गोष्टींचा असू शकतो. एक कोटी घरांनी शेवटपर्यंत बघितली, किंवा चार कोटी घरांनी दीड तास, म्हणजे दोन भाग बघून सोडून दिली. पहिली मालिका वाचू शकते, दुसरी जवळजवळ नक्की जाते, आणि यादीत दोन्ही एकाच जागी दिसतात. एका चाहत्याने चार वेळा बघितली तर या आकड्यातला त्याचा वाटा चारपट होतो, पण खातं एकच राहतं.

पूर्ण बघण्याचं माप गुप्त असलं तरी त्याची रूपरेषा बाहेर आलेली आहे. २०१९ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीला नेटफ्लिक्सने कळवलं होतं की निर्मात्यांना पहिल्या ७ आणि पहिल्या २८ दिवसांचे आकडे देतात, आणि त्यात सुरुवात करणारे आणि ९० टक्के सीझन बघून पूर्ण करणारे वेगळे मोजतात. अमानवी मालिकेचं नुकसान इथे होतं. पहिले दोन भाग जगाचे नियम सांगण्यात जातात आणि खरी पकड चौथ्या भागापासून येते. ज्याला चेटूक आवडतं तो थांबतो, कुतूहलाने आलेला तिसऱ्यात उठतो. जाहिरात जितकी मोठी तितके कुतूहलवाले जास्त, आणि पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण तितकं खाली. 'आर्काइव्ह ८१' जानेवारी २०२२ मध्ये आली, मार्चमध्ये रद्द. '१८९९' नोव्हेंबर २०२२ मध्ये आली, जानेवारीत रद्द. 'फर्स्ट किल' जून २०२२ मध्ये आली, ऑगस्टमध्ये रद्द. तिन्ही आठ-आठ भागांच्या आणि तिन्ही यादीत झळकलेल्या. हा वेग बघूनच कळतं की निर्णय पहिल्या काही आठवड्यांच्या आकड्यांवर होतो. वर्षभराने तोंडोतोंडी पसरलेलं कौतुक त्यात येत नाही.

इथवरचं एकत्र धरलं तर चित्र असं: पुढचा सीझन महाग, नवा प्रेक्षक येणं कठीण, आणि तोटा सोसून मालिका चालवायला मालकाकडे कारण नाही. यातल्या दोन गोष्टी जुळल्या तरी मालिका धोक्यात असते.

कधीकधी यांपैकी काहीच नसतं, वेळच वाईट असते. लेखकांचा संप ५ नोव्हेंबर २००७ ते १२ फेब्रुवारी २००८ चालला. एबीसीवरच्या 'पुशिंग डेझीज'चा, म्हणजे स्पर्शाने मेलेल्याला उठवणाऱ्या माणसाच्या मालिकेचा, पहिला सीझन त्यात नऊ भागांवर तुटला आणि ती परतली ती थेट पुढच्या ऑक्टोबरमध्ये. दहा महिन्यांत सवय मोडलेला प्रेक्षक परतला नाही आणि २२ भागांत सगळं आटोपलं. 'आय ॲम नॉट ओके विथ धिस' २०२० मध्ये महामारीमुळे वाढलेल्या खर्चात गेली.

अर्धवट शेवटाबद्दल तुम्ही विशेष दुःख व्यक्त केलंय, म्हणून तेही सांगतो. वाहिनीवरच्या मालिकेचा शेवटचा भाग साधारण एप्रिलपर्यंत चित्रित होतो आणि निर्णय मेच्या मध्यात, जाहिरातदारांसमोरच्या सादरीकरणाच्या आसपास येतो. स्ट्रीमिंगवर तर व्हीएफएक्स आणि अनेक भाषांतलं डबिंग यामुळे सगळा सीझन प्रदर्शनाच्या कित्येक महिने आधी कुलूपबंद झालेला असतो. लेखकाला बातमी कळते तेव्हा बदलायला काही उरलेलं नसतं. मग तो दर वेळी बंद होईल असा शेवट का लिहीत नाही? कारण पुढचा सीझन मिळवण्यासाठी ओढ लावणारा शेवट मागितला जातो. 'एंजल'ला फेब्रुवारीत कळलं म्हणून तिला निदान स्वतःचा शेवट लिहिता आला. 'एविल'चा निर्णय २०२४ मध्ये झाला तेव्हा तिला चार जादा भाग मिळाले आणि ती ५० भागांवर नीट मिटली.

बातमी येण्याआधी खुणा दिसतात. वाहिनी आधी तेरा भाग मागवून बावीस पूर्ण करणारे पुढचे नऊ मागवत नसेल तर ते जवळपास उत्तरच असतं. 'कॉन्स्टंटाइन'चं नोव्हेंबर २०१४ मध्ये हेच झालं आणि अधिकृत घोषणा मेमध्ये आली. प्रक्षेपणाचा वार आणि वेळ वारंवार बदलणं किंवा शनिवारी ढकलणं ही जुनी खूण, 'ट्विन पीक्स'च्या दुसऱ्या सीझनची. सेटचं काय केलं हेही बघा. सेट घडी करून गोदामात ठेवला असेल, ज्याला 'फोल्ड अँड होल्ड' म्हणतात, तर भाडं भरून कोणीतरी आशा जिवंत ठेवली आहे. मोडीत काढला असेल तर नाही.

आता तुम्ही काय करू शकता. नवी मालिका आवडली तर पहिल्या २८ दिवसांत शेवटच्या भागापर्यंत पोचा. 'सगळे सीझन झाले की बघू' हा सावध विचार मला समजतो, पण तोच तिला मारतो. तीच मालिका पुन्हा लावून ठेवण्यापेक्षा, ज्यांनी दोन भागांवर सोडली अशा दोघांना ती पूर्ण करायला लावा. पूर्ण करणारं नवं खातं हीच तुमच्या हातातली सगळ्यात वजनदार गोष्ट आहे.

रद्द झाल्यावरची मोहीम वेळेशी बांधलेली असते. वाहिनीच्या मालिकेत कलाकारांवरचा पुढच्या सीझनचा हक्क बहुतेकदा ३० जूनला संपतो. त्यानंतर सगळ्यांना नव्याने गोळा करावं लागतं, म्हणून आवाज मे-जूनमध्येच हवा. 'ल्युसिफर' फॉक्सने मे २०१८ मध्ये सोडली आणि जूनच्या मध्यात नेटफ्लिक्सने घेतली, पुढे ती एकूण ९३ भाग झाली. तिथे चाहत्यांचा गदारोळ होताच, पण मालक वॉर्नर होता आणि त्याला विकायची होती. 'वायनोना अर्प'चं वेगळं. २०१९ मध्ये वाहिनीने सीझन मागवलेला होता, अडकलं होतं निर्मिती कंपनीच्या पैशापाशी. मोहिमेने लोकांचं लक्ष नेमकं तिथे वळवलं आणि चौथा सीझन झाला. म्हणून पत्रं, संदेश, जाहिराती, सगळ्यांत स्टुडिओचं नाव असू द्या, फक्त वाहिनीचं नको.

स्ट्रीमिंगची स्वतःची मालिका दुसरीकडे नेणं फार अवघड असतं, कारण करारात अनेकदा त्यावर बंधन असतं आणि आधीचे सीझन जुन्याच जागी राहतात. तिथे 'नवा सीझन द्या' यापेक्षा 'शेवट द्या' ही मागणी पुढे जाण्याची शक्यता जास्त. 'सेन्स८' ही विज्ञानकथेची मालिका २०१७ मध्ये रद्द झाली आणि २०१८ मध्ये तिला अडीच तासांचा समारोपाचा भाग मिळाला. एका भागाचा खर्च, ठरलेली मुदत, वाढीव सीझनची जबाबदारी नाही, असा प्रस्ताव हिशोबाच्या वहीत बसू शकतो. तुमच्या मालिकेच्या श्रेयनामावलीत निर्मिती स्टुडिओ कोणता लिहिलाय ते आधी बघा. तो बाहेरचा असेल तर पत्र दोघांनाही पाठवा, त्याच सेवेचा असेल तर एकच पत्ता पुरे.